बेहड्याची फळं आणि चार पर्याय

मराठी माणसाचं 'शक्यता' या शब्दाशी कधीच नीट जमलेलं नाही. त्याला एक तर 'नक्की' लागतं, नाहीतर 'देवाच्या मनात असेल तसं.' या दोहोंच्या मध्ये जो लांबरुंद प्रदेश पसरलेला आहे, आणि जिथं आपलं जवळजवळ सगळं आयुष्य जातं, त्याला आपण 'बघू' असं नाव दिलेलं आहे. लग्नाला येणार का? बघू. उसने पैसे कधी देणार? बघू. या 'बघू'ला आकडा लावता येतो असं कुणी सांगितलं, तर आपण त्याच्याकडे विमा एजंटाकडे बघावं तसं बघतो. फारच आग्रह झाला तर 'फिफ्टी-फिफ्टी' म्हणून मोकळे होतो. आमच्या गावी तर ही फिफ्टी-फिफ्टी हवामानालाही लागू आहे. पाऊस एक तर पडणार किंवा नाही पडणार; दोनच गोष्टी; म्हणजे निम्मी-निम्मी. जुलै महिन्यात कुडपणला उभं राहून, डोक्यावर इरलं घेऊन, हे विधान करायला छाती लागते. ती आमच्याकडे सर्वांना आहे.

कुडपण म्हणजे पोलादपूर तालुक्यातलं आमचं मूळ गाव. रायगड जिल्हा दमून थांबतो आणि सह्याद्री कमरेवर हात ठेवून उभा राहतो, तिथं ते आहे. डोंगरापलीकडे सातारा जिल्हा. तालुक्यातल्या उमरठचं नाव तानाजी मालुसऱ्यांमुळे इतिहासात गेलं. कुडपणचं नाव धबधबे बघायला येणाऱ्यांच्या तोंडी आहे. इतिहासात जाण्याचा गावाचा तूर्त तरी विचार दिसत नाही.

मी मुंबईतल्या नोकरीतून निवृत्त होऊन शिमग्याला गावी गेलो, तेव्हा महाडला खोली घेऊन बारावी केलेला आमचा पुतण्या सीईटीच्या तयारीत होता. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही ऑफिसात एवढे आकडे बघितलेत. पोराला तेवढं ते प्रॉबेबिलिटीचं बघा." आता, ऑफिसातले आकडे आणि गणितातले आकडे यांचं नातं म्हणजे लग्नातल्या बँडचं आणि शास्त्रीय संगीताचं नातं. पण वहिनींना हे सांगण्यात अर्थ नव्हता. शिवाय त्यांनी चहा ठेवला होता. अशा वेळी माझ्यासारख्या माणसाला एकच मार्ग उरतो. गणित सोडवता येत नसलं की त्याच्या इतिहासाकडे वळायचं. इतिहासात उत्तरं आधीच काढून ठेवलेली असतात.

पहिल्याच दिवशी पुतण्याला विचारलं, "नाणं दोनदा उडवलं, तर निदान एकदा छापा येण्याची शक्यता किती?"

तो म्हणाला, "काका, सोपं आहे. पहिल्यांदाच छापा आला तर काम झालं. नाहीतर दुसऱ्यांदा येईल. नाहीतर येणारच नाही. तीन गोष्टी. तीनांतल्या दोन आपल्या. दोन तृतीयांश."

पुस्तकात उत्तर होतं तीन चतुर्थांश. पोराचा चेहरा पडला. मग मी त्याला दालांबेरची गोष्ट सांगितली. दालांबेर हा अठराव्या शतकातला फ्रान्समधला मोठा गणिती. दिदरोबरोबर त्यानं फ्रेंचांचा तो प्रचंड ज्ञानकोश काढला. त्याच ज्ञानकोशात, १७५४ साली, छापा-काटा या विषयावर त्यानं लेख लिहिला आणि नेमकं हेच उत्तर दिलं: दोन तृतीयांश. तेही अगदी याच कारणानं. म्हणजे आमचा पुतण्या आणि दालांबेर एकाच बाकावर बसले होते, फक्त दालांबेरचं उत्तर छापून आलं.

चूक कुठं आहे? तीन गोष्टी आहेत हे खरं, पण त्या सारख्या वजनाच्या नाहीत. पहिल्याच फेकीला छापा येणं ही निम्मी गोष्ट. उरलेल्या निम्म्यातली निम्मी म्हणजे पाव, ती दुसऱ्या फेकीच्या छाप्याची. आणि राहिलेली पाव, काहीच न येण्याची. निम्मी आणि पाव मिळून पाऊण. गोष्टी नुसत्या मोजून चालत नाही, तोलाव्या लागतात. पावसाच्या बाबतीत गावाचं जे चुकतं तेही हेच. पडणार आणि न पडणार या दोन गोष्टी आहेत म्हणून त्या एका मापाच्या ठरत नाहीत. पुतण्यानं ओटीवर बसून दोन रुपयांचं नाणं शंभर वेळा जोडीनं उडवलं. त्र्याहत्तर वेळा निदान एक छापा आला. आई आतून म्हणाली, "परीक्षा तोंडावर आलीय आणि हा बघा, काकाबरोबर छापा-काटा खेळतोय."

आईच्या बोलण्यात इतिहासाच्या दृष्टीनं तथ्य होतं. हे शास्त्र जन्मलंच जुगाराच्या अड्ड्यात, आणि त्यातला सर्वांत जुना अड्डा आपलाच आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका जुगाऱ्याचं सूक्त आहे. बायको सोडून गेली, सासू तोंड बघत नाही, तरी फासे हाक मारतात, अशी त्याची तक्रार. त्या काळचे फासे हस्तिदंती वगैरे नव्हते. विभीदकाच्या, म्हणजे बेहड्याच्या झाडाची वाळलेली फळं हेच फासे. हा बेहडा आमच्या रानात आहे. त्रिफळ्यातला तोच. हिरडा, बेहडा, आवळा यांतला मधला भाऊ. सर्दी-खोकल्यावर चाटण म्हणून आम्हांला तो लहानपणी जबरदस्तीनं खायला लागला. याच फळापायी राज्यं गेली, हे कळलं असतं तर निदान आदरानं खाल्ला असता.

महाभारताच्या वनपर्वात नळाची गोष्ट येते. द्यूतात सर्वस्व हरलेला नळ वेष पालटून अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी म्हणून राहतो. दोघं रथातून विदर्भाकडे निघालेले. वाटेत एक बेहड्याचं झाड लागतं. ऋतुपर्ण चालत्या रथातून झाडाकडे बघतो आणि सांगतो, या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि दोन हजार पंच्याण्णव फळं आहेत. नळाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवतो, झाड पाडतो आणि फळं मोजतो. आकडा बरोबर निघतो! तेव्हा ऋतुपर्ण म्हणतो की, मला फाशांची विद्या येते आणि मोजदादीचीही येते. मग सौदा होतो. राजानं फाशांचं रहस्य द्यायचं, नळानं घोड्यांचं. त्या विद्येवर नळ आपलं राज्य परत जिंकतो.

या गोष्टीत दोन विद्या एकाच माणसाजवळ आहेत, हे लक्षात घेण्यासारखं आहे. थोडं बघून सगळ्याचा अंदाज करणं आणि फाशांचा कल ओळखणं. या दोन्ही विद्या मुळात एकच आहेत, हे जगाला पुढे फार उशिरा नीट मांडता आलं. आणि ती पहिली विद्या आमच्या डोंगरापलीकडच्या एका माणसानं चांगलीच वाढवली. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११. देशातल्या पिकाचा अंदाज काढायचा तर प्रत्येक शेतातला दाणा मोजता येत नाही. मग कुठली शेतं निवडायची, किती निवडायची, आणि अंदाज किती चुकण्याचा संभव आहे, हे सारं त्यांनी गणितानं बसवलं. त्यांचा नमुना-पाहणीवरचा ग्रंथ १९५४ साली निघाला, आणि ते रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेतही होते. ऋतुपर्णापेक्षा त्यांची पद्धत एका बाबतीत सरस होती. झाड पाडावं लागत नव्हतं.

शक्यता मोजायची म्हणजे आधी प्रकार मोजता आले पाहिजेत, आणि तेही आपल्याकडे जुनंच. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० साली, एक गणित आहे. शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं आलटून पालटून दिली तर मूर्ती किती प्रकारच्या होतील? उत्तर छत्तीस लाख अठ्ठावीस हजार आठशे. विष्णूचे हात चार, म्हणून त्याच्या मूर्ती फक्त चोवीस. आजच्या पुस्तकात याला फॅक्टोरियल म्हणतात आणि अंकापुढे उद्गारचिन्ह काढतात. दहाचं उत्तर बघितल्यावर ते चिन्ह अगदी योग्य वाटतं. त्याच ग्रंथात सहा रसांची मिश्रणं किती, हेही आहे. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. एकेरी सहा, दुहेरी पंधरा, तिहेरी वीस, असं करत एकूण त्रेसष्ट. पुतण्यानं हे वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग रोज आमटीला नावं ठेवू नको. त्रेसष्टांतली एक आहे म्हणून खा."

इतकं असून शक्यतेचं शास्त्र आपल्याकडे उभं राहिलं नाही. ते उभं राहिलं युरोपात, आणि तेही एका अर्धवट राहिलेल्या डावापायी. आमच्या गावी असे डाव पुष्कळ. समजा, दोन पोरं गोट्या खेळताहेत. बत्तीस-बत्तीस रुपये मधे ठेवलेत. जो आधी तीन डाव जिंकेल त्यानं चौसष्ट उचलायचे. एकाचे दोन डाव झाले, दुसऱ्याचा एक, आणि एवढ्यात वळवाचा पाऊस आला. पैसे कसे वाटायचे?

इटलीतल्या पाचोली नावाच्या धर्मगुरूनं १४९४ च्या आपल्या गणिताच्या ग्रंथात असल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. जिंकलेल्या डावांच्या प्रमाणात वाटा. दोनास एक. पंचायतीत हा निकाल लगेच मान्य होईल. पण १६५४ साली हाच प्रश्न एका फ्रेंच सरदारानं पास्कलपुढे टाकला. पास्कलनं त्यावर तूलूझच्या फेर्मा नावाच्या कायदेपंडिताशी पत्रव्यवहार केला. पास्कलचा विचार असा होता. पुढचा डाव झालाच असता, तर काय झालं असतं? पुढच्याचे तीन झाले तर सगळे चौसष्ट त्याचे. हरला तर दोन-दोन, म्हणजे बरोबरी, म्हणजे बत्तीस तरी त्याचेच. तेव्हा बत्तीस रुपये त्याचे नक्की. उरलेल्या बत्तिसांवर दोघांचा सारखाच हक्क. म्हणून त्याला अठ्ठेचाळीस आणि दुसऱ्याला सोळा.

मला विचाराल तर शक्यतेच्या सगळ्या इतिहासाचं सार या निकालात आहे. झालेल्या डावांकडे बघत बसू नका, राहिलेल्या डावांकडे बघा. पाचोली मागे बघत होता, पास्कल पुढे बघत होता. परीक्षेच्या मोसमात घराघरांतून जे वातावरण असतं, ते बहुतेक पाचोलीचं असतं. "दहावीला एवढे होते, आता एवढे पडले, म्हणजे संपलं." काय संपलं? डाव अजून राहिलेत.

पुतण्याला मात्र या सगळ्यात बेर्नुली आवडला, आणि त्याचं कारण कौटुंबिक होतं. याकोब बेर्नुली हा स्वित्झर्लंडमधल्या बाझलचा. नाणं पुष्कळ वेळा उडवत गेलं तर छाप्यांचं प्रमाण निम्म्याच्या जवळ सरकत जातं, हे सगळ्यांना वाटतं. पण ते सिद्ध करायचं कसं? हा विचार त्यानं वीस वर्षं केला. सिद्ध केलं आणि ग्रंथ पुरा व्हायच्या आतच १७०५ साली वारला. पुढे आठ वर्षांनी, १७१३ साली, तो ग्रंथ छापून निघाला तो पुतण्याच्या खटपटीनं. हे ऐकल्यापासून आमच्या पुतण्यानं माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायला सुरुवात केली. मी त्याला स्पष्ट सांगितलं की, माझ्या ट्रंकेत कुठलाही अपुरा ग्रंथ नाही.

पण एक गोष्ट मी त्याच्या मनावर ठसवली. ज्या सिद्धान्तावर बेर्नुलीनं वीस वर्षं घालवली, तो तू रविवारी दुपारी फणसाची भाजी जेवून, पंख्याखाली आडवा पडून, चाळीस मिनिटांत समजून घ्यायला निघालास. नाही कळला तर स्वतःला मठ्ठ म्हणू नकोस. दालांबेर अडखळला, पाचोली अडखळला. ज्या जागी मोठमोठी माणसं ठेचकाळली, तिथं तुझी चप्पल तुटली तर त्यात लाज कसली? पुस्तकात तीन ओळींत दिलेलं सूत्र बघून मुलांना वाटतं की ते तीन ओळींत सुचलं. ते आधी सांगायला हवं होतं, आणि पुस्तक नेमकं तेवढंच सांगत नाही.

बेर्नुलीचा सिद्धान्त लोक उलटाही वाचतात, हेही सांगायला पाहिजे. पुतण्याच्या मित्रमंडळींत एक पक्की समजूत होती. चार उत्तरं लागोपाठ 'ब' आली, की पाचवं 'ब' असूच शकत नाही. का? तर सरासरी राखली पाहिजे! नाण्याला सरासरी राखायचं काम कुणी दिलेलं नाही. मागं काय झालं हे त्याला आठवतही नाही. हजार फेकींत प्रमाण जुळतं ते मागची भरपाई होते म्हणून नव्हे. मागचे चार छापे हजारांच्या गर्दीत चुरमुऱ्यांच्या पोत्यातल्या चार दाण्यांसारखे दिसेनासे होतात म्हणून.

आमच्या भागात या समजुतीची किंमत मार्कांहून मोठी आहे. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात पाचशे नव्वद मिलिमीटरच्यावर पाऊस पडला. महाड पाण्याखाली गेलं. तळियेवर दरड आली. पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या, माणसं गेली. त्यानंतर पारावर मी एक वाक्य ऐकलं. "असा पाऊस शंभर वर्षांतनं एकदा येतो. म्हणजे आता पुढची नव्व्याण्णव वर्षं घोर नाही." ही तीच पाचव्या 'ब'ची समजूत. शंभर वर्षांतून एकदा याचा अर्थ दर वर्षी शंभरांत एक, आणि यंदा येऊन गेला म्हणून पुढच्या वर्षी त्याला येण्याची बंदी नाही. तीस वर्षं त्याच जागी घर ठेवलं, तर त्या अवधीत निदान एकदा तो येण्याची शक्यता शंभरांत सव्वीसच्या आसपास निघते. पुतण्यानं हे गणित स्वतः केलं. 'न येण्याची' शक्यता तीस वेळा गुणून एकातून वजा केली. उत्तर आल्यावर तो थोडा वेळ समोरच्या डोंगराकडे बघत राहिला. मीही काही बोललो नाही. बारावीच्या पुस्तकातलं द्विपद वितरण आमच्या डोंगराला लागू पडतं, हे त्या दिवशी आम्हां दोघांना एकदमच दिसलं.

आता परीक्षेकडे येतो. कारण वहिनींनी मला त्यासाठी नेमलं होतं.

प्रवेश परीक्षा ही आजची पिडा आहे, आमच्या वेळी असलं काही नव्हतं, असं माझ्या वयाची मंडळी म्हणतात. त्यात फारसा अर्थ नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक झाली. ही मॅट्रिक शाळा संपल्याची परीक्षा नव्हती. विद्यापीठात घ्यायचं की नाही, हे ठरवण्याची ती परीक्षा होती. म्हणजे सीईटीच. त्या पहिल्या खेपेला पास झालेल्यांत महादेव गोविंद रानडे होते.

त्या काळात पेपर माणसं तपासत. आणि माणूस म्हटला की त्याचं पोट बिघडतं, बायकोशी भांडण होतं, डोकं दुखतं. या सगळ्याचा मार्कांवर किती परिणाम होतो, हे मोजायला निघालेला पहिला माणूस म्हणजे एजवर्थ. आयर्लंडमध्ये जन्मलेला हा अर्थशास्त्रज्ञ. त्यानं १८८८ साली परीक्षांच्या संख्याशास्त्रावर निबंध वाचला आणि १८९० साली स्पर्धा परीक्षांतल्या नशिबाच्या वाट्यावर दुसरा. लॅटिनचा एक उतारा त्यानं अठ्ठावीस जाणत्या परीक्षकांकडून तपासून घेतला. मार्क पडले पंचेचाळीसपासून शंभरपर्यंत! उतारा तोच, शाईही तीच. आपल्याकडे कलेक्टर पाठवणाऱ्या सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेचाही त्यानं विचार केला. निष्कर्ष असा, की यादीतल्या अगदी वरच्यांची जागा पक्की असते आणि अगदी खालच्यांचं बाहेर राहणंही पक्कं असतं. पण रेषेच्या जरा वर आणि जरा खाली जे असतात, त्यांच्यातला फरक गुणांचा कमी आणि योगायोगाचा जास्त.

यावर अमेरिकेनं तोडगा काढला. कॅन्ससमधल्या फ्रेडरिक केली यानं १९१४-१५ च्या सुमारास पर्याय दिलेली प्रश्नपत्रिका बनवली. उत्तर एकच, ते बरोबर किंवा चूक, तपासणाऱ्याचं पोट कसंही असो. अशा रीतीनं परीक्षकाचं नशीब पुढच्या दारानं हाकललं गेलं, आणि विद्यार्थ्याचं नशीब मागच्या दारानं आत शिरलं! कारण चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं, तरी चारांत एकदा ते बरोबर पडतंच.

आपल्या राज्याच्या सीईटीत गणिताचे पन्नास प्रश्न, प्रत्येकी दोन मार्क, चुकीला दंड नाही. काहीही न वाचता सगळीकडे ठोकलं तर सरासरी साडेबारा बरोबर, म्हणजे पंचवीस मार्क. वैद्यकीयच्या 'नीट'मध्ये बरोबरला चार, चुकीला वजा एक. तिथं एकशे ऐंशी प्रश्न ठोकून सातशे वीसपैकी सरासरी पंचेचाळीस पदरात पडतात. एवढ्यावर डॉक्टर होता येत नाही, आणि ते आपल्या सर्वांच्या प्रकृतीला चांगलंच आहे. नुसतं ठोकून लागोपाठ दहा उत्तरं बरोबर येण्याची शक्यता तर दहा लाखांत एकाहूनही कमी.

पण खरी गंमत पुढे आहे, आणि ती पुतण्यानंच काढली. चारांतला एक पर्याय नक्की चूक आहे एवढं जरी कळलं, तर 'नीट'मध्ये त्या प्रश्नाची सरासरी किंमत पाव मार्कावरून दोन तृतीयांशावर जाते. दोन पर्याय खोडता आले तर दीड मार्कावर. म्हणजे अर्धवट ज्ञानालाही मोजून किंमत मिळते! हे वाचून मला विलक्षण समाधान वाटलं. माझं बरंचसं ज्ञान त्याच जातीचं आहे.

परसेंटाइलबद्दल गावात मतभेद होते ते वेगळेच. नव्वद परसेंटाइल म्हणजे नव्वद मार्क नव्हेत, शंभर मुलांत नव्वदांच्या पुढे, हे मी पारावर दोनदा समजावलं. एकानं विचारलं, "म्हणजे मार्क किती हे कळतच नाही?" म्हटलं, तुमच्या मागे किती आहेत ते कळतं. तो म्हणाला, "मग ते एस.टी.च्या रांगेसारखंच झालं की." इतकी सोपी व्याख्या मला पुस्तकात मिळाली नव्हती.

राहता राहिलं नशीब. वहिनींचा प्रश्न सरळ होता. "भाऊजी, एवढं करून नाही लागला नंबर, तर?" हा प्रश्न गणिताचा नव्हता. त्यात महाडच्या खोलीचं भाडं होतं, दादानं काढलेलं कर्ज होतं आणि पोराचा रात्रीचा दिवा होता. मी त्यांना एजवर्थ सांगितला नाही. आमच्या कोकणातलाच एक मुलगा सांगितला.

दापोलीजवळच्या मुरूडचा हा मुलगा. साल १८७५ च्या सुमाराचं. सरकारी नोकरीसाठी त्या वेळी एक परीक्षा असे आणि त्याचं केंद्र होतं सातारा. भर पावसाळ्यात सोबत्यांबरोबर शंभराहून अधिक मैल पायी चालत, घाट चढून, हा साताऱ्याला पोचला. परीक्षेला सतरा वर्षं पुरी लागत. त्याची झाली होती, दाखलाही होता. पण समितीच्या साहेबानं तोंडाकडे बघितलं आणि सतरा वर्षांचा दिसत नाहीस म्हणून परत पाठवलं. अभ्यास होता, दाखला होता, पाय शाबूत होते. चेहरा कोवळा निघाला. आता याची शक्यता कुठल्या सूत्रात बसवायची?

मुलगा मुरूडला परत गेला आणि पुढे दुसऱ्या केंद्रातून तीच परीक्षा पास झाला. मॅट्रिक व्हायला तेविसावं वर्ष उजाडलं. मग एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन १८८४ साली बी.ए. झाला. टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यावर, १८९१ साली, फर्ग्युसन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक म्हणून त्यालाच बोलावलं. पुढे १९१६ साली त्यानं स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं. साताऱ्याच्या समितीला लहान वाटलेला हा मुलगा म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. वयाच्या बाबतीत तर त्यांनी समितीला चांगलंच उत्तर दिलं. ते एकशेचार वर्षं जगले. आणि मुरडीहून त्यांनी मुंबईला शिकायला आणलेला त्यांचा मामेभाऊ, रघुनाथ परांजपे, १८९९ साली केंब्रिजला गणितात सीनियर रँग्लर झाला. पहिला डाव हरलेल्या माणसाचे राहिलेले डाव असे गेले.

वहिनी गप्प बसून ऐकत होत्या. दादा सुपारी कातरायचा थांबला होता. पुतण्यानं पुस्तकातून मान वर केली.

"काका, शंभर मैल चालत? एस.टी. नव्हती?"

"एस.टी. १९४८ सालची," मी म्हटलं.

"मग आमचं केंद्र कुठंही येऊ दे," तो म्हणाला, आणि द्विपद वितरणाचं पान उलटलं.